धुतलेल्या बाटल्या

जनसंपर्कबाई : ...आणि इथून तुमच्या आईंचं पान सुरू होतं. वाचू? 'शेवाळावरच्या आपल्या अथक संशोधनातून त्यांनी कापडरंगांनी नासलेल्या पाण्याला नवजीवन दिलं. या संपूर्ण प्रवासात विद्यापीठ त्यांच्या पाठीशी खंबीरपणे उभं राहिलं.'

मुलगी : कुठे उभं राहिलं?

जनसंपर्कबाई : म्हणजे?

मुलगी : तिच्या खोलीत दोन माणसांना उभं राहायला जागा नव्हती. म्हणून विचारलं.

विभागप्रमुख : ती मुद्रितं तपासते, मॅडम. पुस्तिका तिच्या हातात दिलीत, आता भोगा.

जनसंपर्कबाई : अहो, पुस्तिकेची भाषा अशीच असते. 'प्राध्यापकांची भरारी आणि नवे संशोधन उपक्रम.' विद्यापीठ प्रत्येकाच्या पानावर एकदा तरी उभं राहतंच.

मुलगी : 'अथक' काढा. ती थकायची. शेवटी शेवटी जिना चढून आली की आधी बसायची, मग बोलायची.

जनसंपर्कबाई : पण मग त्या जागी काय घालू?

मुलगी : काही घालू नका. नुसतं 'संशोधनातून' पुरे.

विभागप्रमुख : मुंगी, चहा घे. निवतोय.

मुलगी : नको, सर.

विभागप्रमुख : सर काय म्हणतेस? तुमच्या ओट्याशी उभ्यानं जेवलोय मी. दादा म्हणायचीस.

मुलगी : इथे सगळे सर म्हणतात.

जनसंपर्कबाई : अय्या, म्हणजे अगदी घरचेच तुम्ही. घालू का हे? 'कालचा शिष्य, आज केंद्राचा संचालक.' जरा हृद्य होईल.

विभागप्रमुख : राहू द्या, मॅडम.

जनसंपर्कबाई : बरं. केंद्रासाठी नवी केलेली आईंची ही खोली कशी वाटली? ओळखू येत नाही ना? मधली भिंत पाडली, छत खाली घेतलं. कोपऱ्यात सिंक होतं, ते काढून तिथे फोटोसाठी भिंत केली. दारावर तुमच्या आईंच्या नावाची पाटी. पडदा आहे सध्या तिच्यावर.

मुलगी : प्रयोगशाळेतलं सिंक काढलं?

जनसंपर्कबाई : फार कळकट होतं हो. फ्रेममध्ये यायचं.

विभागप्रमुख : नवीन येणार आहे. दुसऱ्या टप्प्यात.

जनसंपर्कबाई : आणि हे वर्षाचं शिखर. पान चार. 'कापडरंग शोषून घेणाऱ्या शेवाळाच्या वापरासाठी मा. कुलगुरू आणि विभागप्रमुख यांना पेटंट.' याची मोठी चौकट केलीय.

मुलगी : आणि आई?

विभागप्रमुख : अर्ज भरला तेव्हा बाई फार आजारी होत्या. सह्या लागतात, माणसं घरी येतात. त्यांना त्रास नको, असं ठरलं.

मुलगी : त्रास नको म्हणून तिचं नाव काढलंत.

विभागप्रमुख : काढलं नाही गं. घातलं नाही.

मुलगी : फरक कळला.

विभागप्रमुख : बाईंना पेटंटची हौसही नव्हती, तुलाच माहीत आहे.

मुलगी : हौस नव्हती हे खरं. 'माझं शेवाळ' असं ती कधी म्हणाली नाही. 'डबक्याचं' म्हणायची. रंगाच्या कारखान्यामागच्या डबक्यातून माझ्या शाळेच्या डब्यात भरून आणलं होतं तिनं. तो डबा मग घरात कुणी वापरला नाही.

जनसंपर्कबाई : हे किती छान आहे! लेकीचा डबा! हे मला कुणी सांगितलंच नाही.

मुलगी : इथे तिला 'डबकेवाल्या बाई' म्हणायचे. तेही सांगितलं नसेल.

विभागप्रमुख : प्रेमानं म्हणायचे.

मुलगी : प्रेमानं म्हणणारे तोंडावर म्हणतात. ती वळली की म्हणायचे.

विभागप्रमुख : झालं ते झालं. आज बाईंच्या नावानं केंद्र उभं राहतंय, हे बघ. तू पहिल्या रांगेत बसायचंस. दोन शब्द बोललीस तर दुधात साखर.

मुलगी : मी बोलायला आलेली नाही. फोनवर सांगितलं होतं, मला तिची एक रिकामी बाटली हवी आहे. आणि शेवाळ भरलेल्या एकदा बघायच्या आहेत.

विभागप्रमुख : हो हो. कार्यक्रम होऊ दे, मग निवांत बघू.

जनसंपर्कबाई : कुठल्या बाटल्या, सर? त्या बुडाशी फुगीर आणि मानेशी निमुळत्या? अहो, त्या खाली स्वागताच्या टेबलावर आहेत.

विभागप्रमुख : मॅडम, त्या वेगळ्या.

जनसंपर्कबाई : वेगळ्या कुठल्या? याच खोलीतल्या. खिडकीत रांगेनं ठेवलेल्या होत्या, आत हिरवा गाळ साचलेला. सर परिषदेला गेले होते, मूल्यांकन समिती येणार होती, खोली रिकामी करा असा निरोप होता. सगळं टाकूनच देणार होते. मी म्हटलं, थांबा, काच किती सुरेख आहे. घासून घ्यायला लावल्या. दोनदा साबण लावला तेव्हा कुठे ते बुडाचं निघालं. आता एकेकीत पांढरी फुलं ठेवलीत. विषयाला किती साजेसं दिसतं बघा. ही तुमच्या समोरही एक आहे.

मुलगी : ही?

जनसंपर्कबाई : फीत मी स्वतः बांधली. साटिनची आहे.

मुलगी : मी इतका वेळ हिच्याकडे बघत होते. फुलदाणी समजत होते.

जनसंपर्कबाई : तेच तर कौशल्य.

मुलगी : बुडाशी लाल ठिपका आहे. माझं नेलपॉलिश. शेवाळ दाटलं की थोडं दुसऱ्या बाटलीत वाटायचं, तर कुठली बाटली कधी वाटली ते कळावं म्हणून ती खुणा करायची. मला वाटायचं, नेलपॉलिश संपतं कसं?

जनसंपर्कबाई : हो, तो ठिपका काही निघाला नाही. मागच्या बाजूला फिरवून ठेवलाय.

मुलगी : सगळ्या धुतल्या?

जनसंपर्कबाई : सगळ्या. त्यातली मोठी तेवढी मंचावर आहे, उद्घाटनाला. फीत कापणं आता जुनं झालं हो. पाहुणे मोठ्या बाटलीतलं शेवाळ छोट्या बाटलीत ओततील, मागे पडद्यावर तुमच्या आईंचा फोटो. 'वारसा पुढे नेताना.'

मुलगी : शेवाळ कुठून आणलंत?

जनसंपर्कबाई : ते प्रतीकात्मक आहे. पाण्यात कापडाचा हिरवा रंग कालवलाय. खरं शेवाळ थंड खोलीत सुरक्षित ठेवलंय, ते बाहेर काढायचं नाही असं सर म्हणाले.

मुलगी : कुठली थंड खोली?

विभागप्रमुख : मॅडम, पाहुण्यांची गाडी फाटकाशी आली का, तेवढं बघून येता?

जनसंपर्कबाई : अजून वेळ आहे, सर.

विभागप्रमुख : तरी बघून या.

(जनसंपर्कबाई पुस्तिका टेबलावर ठेवून जातात.)

मुलगी : दादा.

विभागप्रमुख : बोल.

मुलगी : थंड खोली आहे?

विभागप्रमुख : नाही.

मुलगी : कुठेतरी काही उरलंय? एखादी नळी, एखादी बशी, कुणाच्या टेबलाखाली?

विभागप्रमुख : सगळीकडे शोधलं. मॅडमना माहीत नाही त्यांनी काय केलं ते. त्यांच्यावर राग धरू नकोस.

मुलगी : त्यांच्यावर कशाला धरू? त्यांनी निदान काच वाचवली. तू काय वाचवलंस?

विभागप्रमुख : मी इथे नव्हतो, मुंगी.

मुलगी : कुठे होतास?

विभागप्रमुख : परिषदेला.

मुलगी : कशावर बोललास?

विभागप्रमुख : आता त्याचं काय?

मुलगी : कशावर बोललास, दादा?

विभागप्रमुख : याच शेवाळावर.

मुलगी : टाळ्या पडल्या?

विभागप्रमुख : असं बोलू नकोस.

मुलगी : विचारते आहे.

विभागप्रमुख : पडल्या.

मुलगी : आणि इथे साबण लावत होते.

विभागप्रमुख : जाताना मी एवढंच सांगून गेलो की समितीला खोली मोकळी दिसली पाहिजे. मला वाटलं, बाटल्यांना कोण हात लावेल? सगळ्यांना माहीत आहे त्या काय आहेत.

मुलगी : सगळ्यांना म्हणजे कुणाला? माहीत असलेली दोन माणसं होती. एक गेली. दुसरा टाळ्या घेत होता.

विभागप्रमुख : बोल. बोलायचा तुला अधिकार आहे.

मुलगी : अधिकार देऊ नकोस मला. आईच्या उशाशी बसून काय म्हणाला होतास, ते सांग.

विभागप्रमुख : आठवतंय मला.

मुलगी : म्हणून दाखव.

विभागप्रमुख : 'बाई, बाटल्यांची काळजी करू नका. मी बघतो.'

मुलगी : त्या रात्री ती झोपली. कितीतरी दिवसांनी अशी झोपली होती. तोवर डोळे मिटले तरी ओठ हलायचे तिचे, कुठली कधी वाटायची ते मोजत असायची. मी पायाशी बसले होते आणि मनात म्हटलं, सख्ख्या भावानं केलं नसतं ते यानं केलं. मला तुझं जेवढं लागत नाही, तेवढं माझं ते मनातलं वाक्य लागतं.

विभागप्रमुख : तुला काय वाटतं, मला झोप लागते? परत आलो, दार उघडलं, नवा रंग, मोकळी खिडकी. मी त्या खिडकीशी कितीतरी वेळ नुसता उभा होतो.

मुलगी : आणि मग?

विभागप्रमुख : मग काय?

मुलगी : खिडकीशी उभा राहिल्यावर माणूस पुढे काहीतरी करतो. कुणाला सांगितलंस?

विभागप्रमुख : सांगून परत आलं असतं का ते?

मुलगी : नाही. म्हणून थंड खोली बांधलीस. तोंडानं.

विभागप्रमुख : ऐक. रागावून घे, पण ऐक. केंद्राची मंजुरी त्या शेवाळावर आहे. जिवंत नमुने विभागात आहेत असं लिहून दिलंय. तपासायला माणसं येणार. तीन मुलं त्याच्यावर पीएचडी करतायत, त्यांना मी सांगितलंय की थांबा, जरा तापमानाचा प्रश्न आहे. हे बाहेर आलं तर केंद्र जाईल. दारावरची बाईंच्या नावाची पाटीही जाईल.

मुलगी : जाऊ दे. दारावर नाव लावायला आईनं शेवाळ पाळलं नव्हतं.

विभागप्रमुख : घरी एक आहे ना?

मुलगी : आलास मुद्द्यावर.

विभागप्रमुख : स्वयंपाकघराच्या खिडकीत. बाई नेहमी एक घरी ठेवायच्या. अजून आहे?

मुलगी : म्हणून बोलावलंस मला.

विभागप्रमुख : उद्घाटनाला बोलावलं. तू बाईंची मुलगी.

मुलगी : म्हणून बोलावलंस.

विभागप्रमुख : म्हणूनही.

मुलगी : आहे. जिवंत आहे. शेवटी तिनं पडल्या पडल्या मला शिकवलं. मला मेलीला शास्त्रातलं काही कळत नाही, पण एवढं येतं. सकाळी उठले की आधी तिथे जाते. पडदा सारते. हलवते जराशी. त्या घरात माझ्याशिवाय श्वास घेणारं तेवढंच उरलंय.

विभागप्रमुख : मला थोडं दे. अगदी थोडं. चमचाभर.

मुलगी : मला किळस येते, दादा. राग आला असता तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते. आई कोपरापर्यंत गाळात हात घालून यायची, कपड्यांना तो वास, नखांत हिरवं. मला तिची किळस कधी आली नाही. इथे सगळं धुतलंय, रंग दिलाय, फुलं आहेत, आणि किळस येते ती इथे. पाण्यातून जो रंग काढायला तिनं जन्म घालवला, तोच तुम्ही पाण्यात कालवून तिच्या फोटोसमोर ओतणार आहात. हे सुचतं कसं तुम्हाला?

विभागप्रमुख : मला नाही सुचलं ते.

मुलगी : थांबवलंही नाहीस.

विभागप्रमुख : बाईंनी दिलं असतं. मागेल त्याला द्यायच्या. ज्यांनी त्यांची टिंगल केली त्यांनाही दिलंय त्यांनी.

मुलगी : माहीत आहे.

विभागप्रमुख : मग?

मुलगी : तिनं दिलं असतं याचीच तर मला चीड येते. सकाळपासून तेच ठरवते आहे, बसमध्ये, फाटकाशी, तुझ्या या चहासमोर. तिनं दिलं असतं, तर न देणारी मी कोण?

विभागप्रमुख : म्हणजे देशील.

मुलगी : तिचा एक नियम होता.

विभागप्रमुख : बाटली आपली आपण आणायची.

मुलगी : पुढे?

विभागप्रमुख : आपल्या हातानं धुतलेली. दुसऱ्याकडून धुवून घेतलेली चालायची नाही. आणि बाईंच्या समोर बसून स्वतः ओतायचं.

मुलगी : तू पहिल्यांदा नेलीस ती बाटली मेली होती.

विभागप्रमुख : साबण राहिला होता बाटलीत. आठवड्यात पिवळी पडली.

मुलगी : काय म्हणाली ती?

विभागप्रमुख : दुसरी बाटली पुढे केली.

मुलगी : मी दाराआडून बघत होते. तू रडत होतास. मला वाटलं, केवढा मोठा माणूस आणि शेवाळासाठी रडतो.

विभागप्रमुख : मुंगी...

मुलगी : चल माझ्याबरोबर. आत्ता.

विभागप्रमुख : आत्ता?

मुलगी : घरची फार दाटली आहे, आजच वाटायला हवी. घरात एकही जास्तीची बाटली नाही, म्हणून तर आले. खालून एक उचल, फुलं काढ. घरी चल, धू. मी पाणी उकळते. तिच्या जागेवर मी बसेन. समोर बसून ओत आणि घेऊन ये. तुझ्या त्या तीन मुलांना दे.

विभागप्रमुख : अगं, खाली कुलगुरू येतायत. माझं स्वागताचं भाषण आहे. मंत्रालयातले पाहुणे आहेत. मी आत्ता कसा निघू?

मुलगी : जिन्यानं.

विभागप्रमुख : उद्या येतो. सकाळी. नाही, उद्या समितीची बैठक आहे. असं करतो, शिपायाला पाठवतो, चांगला माणूस आहे, नीट आणेल.

मुलगी : ऐकलंस ना, स्वतः काय म्हणालास ते?

विभागप्रमुख : परवा येतो. मी स्वतः.

मुलगी : ये. परवा ये, नाहीतर महिन्यानं ये. बाटली घेऊन आलास तर दार उघडीन, कारण ते दार तिचं आहे. पण मी वाट बघत बसणार नाही. एका लहानशा कॉलेजातली शिक्षिका सारखी फोन करते, बाटली कशी धुवायची ते विचारते. आजचा वाटा तिला जाईल.

विभागप्रमुख : तिच्याकडे साधनं नसतील. काय करणार ती त्याचं?

मुलगी : खिडकी असेल. आईकडे तरी दुसरं काय होतं?

विभागप्रमुख : आणि आज मी तिथे उभा राहून काय बोलू?

मुलगी : ते मला विचारतोस? पुस्तिकेत लिहिलंय की सगळं.

जनसंपर्कबाई : (परत येत) सर, आले. कुलगुरू जिन्यात आहेत. ताई, तुम्हीही चला, पहिल्या रांगेत मधली खुर्ची आहे. फक्त पर्स जरा मागे ठेवा, फोटोत येते.

मुलगी : मी निघते आहे. ही बाटली नेते.

जनसंपर्कबाई : ही? अहो, नको ना. सगळ्या टेबलांचा एक संच आहे. कार्यक्रम झाला की अख्खा संच देते तुम्हाला, खोक्यात घालून.

मुलगी : एकच पुरे.

जनसंपर्कबाई : सर, सांगा ना यांना. आत्ता पाहुणे केंद्र बघायला इथेच येतील, टेबल बोडकं दिसेल.

विभागप्रमुख : द्या इकडे.

जनसंपर्कबाई : सर, फुलं... अहो, टेबलावर नका ठेवू, पुस्तिका भिजेल.

विभागप्रमुख : भिजू द्या. फीत सोडतो, थांब. घट्ट बांधलीय. हं. धर.

मुलगी : दे.

विभागप्रमुख : दोनदा साबण लावलाय म्हणाल्या. उकळत्या पाण्यातून दोन-तीनदा काढ. मानेच्या आतल्या बाजूला राहतो तो. दिसत नाही.

मुलगी : माहीत आहे, सर.

विभागप्रमुख : हो. तुला माहीतच असणार.

मुलगी : तो 'अथक' काढायला विसरू नका, बाई. येते.

जनसंपर्कबाई : गेल्या? अशा कशा गेल्या? मधली खुर्ची आता रिकामी दिसेल. तिथे मी उपकुलसचिवांना बसवते. चला, सर, चला. अहो, तुमचे हात ओले आहेत. कुलगुरूंशी हस्तांदोलन आहे, फोटो आहे. रुमाल देऊ?

विभागप्रमुख : असू द्या. फुलांचं पाणी आहे.